अणूंची टक्कर : साधे अणु व महाकाय अणु

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या शाळेंतील एक विद्यार्थी वडिलांबरोबर गांधीबागेंतील एका कापडाच्या दुकानांत गणवेषाचें कापड घेण्यास गेला होता. कापड मोजून होतें न होतें तोंच दुकानांतील दिवे गेले. मालकानें वायरमनला बोलावणें धाडलें. त्यानें येऊन खिशांतून टेस्टर काढला, त्याचें टोंक एका जागीं टेकविलें, आणि टेस्टरच्या पोटांतील शेंगदाण्याएवढी कांचेची नळी नारिंगी रंगानें उजळली. ‘येथवर वीज आली आहे,’ एवढें म्हणून तो पुढील तारेकडे वळला. मुलाचें लक्ष मात्र त्या इवल्याशा उजेडावर खिळलें होतें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्यानें मला विचारलें, ‘‘सर, त्या नळींत जळायला ना तार आहे, ना वात. मग तेथें उजेड कशाचा पडतो?’’

तास संपण्याची घंटा झाली होती. म्हणून ‘तेथें अणूंच्या टकरी होतात’ असें चार शब्दांत सांगून मीं त्याची बोळवण केली. परंतु तें उत्तर अपुरें होतें, हें मला ठाऊक होतें. टकरी तर आपल्या भोंवतालच्या हवेंतही अहोरात्र चालूं असतात. तेथें कां नाहीं उजेड पडत? त्या मुलाचें राहिलेलें ऋण फेडावें, आणि त्या निमित्तानें इतर विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस पदार्थविज्ञानांतील एका मनोरंजक प्रकरणाची ओळख करून द्यावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम टक्कर म्हणजे काय, तें पाहूं. तुम्ही गोट्या खेळतां, तेव्हां नेम धरून मारलेली गोटी दुसऱ्या गोटीवर आपटते. पहिलीचा वेग कमी होतो व दुसरी धांवूं लागते. एकीनें गमावलेली गति बहुतेक सगळी दुसरीला मिळते, आणि दोन्ही गोट्या टकरीपूर्वीं जशा होत्या तशाच नंतरही असतात. अशा टकरीला ‘स्थितिस्थापक’ आघात म्हणतात. आतां गोट्यांऐवजीं ओल्या मातीचे दोन गोळे एकमेकांवर फेंका. ते चेपतात, चिकटतात, आणि जागच्या जागीं थांबतात. त्यांची गति कोठें गेली? ती नाहींशी झाली नाहीं. मातीचा आकार बदलण्यांत आणि ती किंचित् तापण्यांत ती खर्च झाली. ज्या टकरींत गतीची ऊर्जा वस्तूच्या आंत शिरते, किंवा आंतील ऊर्जा बाहेर पडून गतींत मिसळते, त्या टकरीला ‘अस्थितिस्थापक’ आघात असें नांव आहे.

अणूंच्या बाबतींत एक मोठा फरक आहे. मातीचा गोळा थोडाही चेपतो आणि पुष्कळही चेपतो. त्याला मधली कोणतीही मात्रा चालते. अणूचें तसें नाहीं. अणूच्या मध्यभागीं धनविद्युत् असलेला जड केंद्रक असतो आणि त्याच्या भोंवतीं ऋणविद्युत् असलेले हलके इलेक्ट्रॉन असतात. या इलेक्ट्रॉनांना कोणतीही वाटेल ती ऊर्जा धारण करतां येत नाहीं. त्यांच्यासाठीं शिडीसारख्या ठराविक पायऱ्या आहेत. शिडीवर उभा असलेला मनुष्य पहिल्या पायरीवर असेल किंवा दुसरीवर असेल. दोहोंच्या मध्यें अधांतरीं राहूं शकणार नाहीं. म्हणून अणूला धक्का बसला आणि त्या धक्क्यांत एक पूर्ण पायरी चढण्याइतकी ऊर्जा नसली, तर अणु आंतून मुळींच बदलत नाहीं. टक्कर गोट्यांसारखी होते. धक्का पुरेसा असला, तरच इलेक्ट्रॉन वर चढतो.

ही केवळ कल्पना नव्हे. १९१४ सालीं जेम्स फ्रँक आणि गुस्टाव्ह हर्ट्झ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनीं पाऱ्याच्या वाफेंतून इलेक्ट्रॉन सोडून तिचा पडताळा घेतला. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षां कमी असेपर्यंत ते पाऱ्याच्या अणूंवर आपटून जवळजवळ तितक्याच जोरानें उडून जात. ऊर्जा तेवढी होतांच मात्र ते आपलें सारें बळ अणूला देऊन थबकत. (एक व्होल्टच्या दाबानें ढकललेल्या इलेक्ट्रॉनाला जेवढी ऊर्जा मिळते, तिला एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणतात.) या कार्याबद्दल दोघांस १९२५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. वर्षानुवर्षें आपल्या घरांत व वर्गांत जळत आलेल्या ट्यूबलाइटमध्यें हीच ४.९ ची पायरी कामास येत असे. पाऱ्याचा अणु त्या पायरीवर चढे, उतरतांना डोळ्यांस न दिसणारा जंबुपार किरण देई, आणि नळीच्या आंतल्या बाजूचा पांढरा लेप त्याचा दृश्य उजेड करी.

हवेंतील टकरींनीं उजेड कां पडत नाहीं, याचें उत्तर आतां देतां येईल. साधारण उष्णमानांत एका अणूच्या धांवण्याची सरासरी ऊर्जा अवघी ०.०४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. हायड्रोजनच्या अणूला पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाण्यास १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट हवे असतात, म्हणजे अडीचशेंपटींनीं अधिक. म्हणून साध्या अणूची साध्या अणूशीं होणारी टक्कर म्हणजे निव्वळ गोट्यांचा खेळ होय.

टेस्टरच्या नळींत निऑन नांवाचा वायु असतो. विजेच्या ओढीनें धांवणारे इलेक्ट्रॉन निऑनच्या अणूंवर आदळतात, अणु वरच्या पायऱ्यांवर चढतात, आणि खालीं उतरतांना तो नारिंगी उजेड टाकतात. परंतु कथेचा गोड भाग पुढेंच आहे. अशा नळ्यांत बहुधा निऑनबरोबर अगदीं थोडा, शेंकडा अर्ध्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी, आर्गॉन वायु मुद्दाम मिसळलेला असतो. तो कशासाठीं? निऑनच्या अणूला एक अशी पायरी आहे कीं, तेथें चढलेला इलेक्ट्रॉन सहजासहजीं उजेड देऊन उतरूं शकत नाहीं. इतर पायऱ्यांवरून तो सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागांत उतरतो. येथें मात्र एकटा ठेवल्यास कित्येक सेकंद अडकून बसतो. अशा अडकलेल्या अणूजवळ १६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा शिल्लक असते. आर्गॉनच्या अणूंतून एक इलेक्ट्रॉन अजिबात बाहेर काढण्यास १५.८ पुरतात. तेव्हां असा निऑन व साधा आर्गॉन यांची गांठ पडतांच निऑन आपलें ओझें आर्गॉनच्या स्वाधीन करतो आणि आर्गॉनचा इलेक्ट्रॉन मोकळा होतो. मोकळे इलेक्ट्रॉन वाढले कीं, नळी कमी दाबाच्या विजेनेंही उजळते. हॉलंडांतील फ्रान्स पेनिंग यांनीं १९२७ च्या सुमारास ही गोष्ट शोधून काढली. उत्तेजित अणु आणि साधा अणु यांच्यामधील अस्थितिस्थापक आघात म्हणतात तो हाच. आणि तो वायरमनच्या खिशांत रोज हिंडत असतो!

येथवर आपण शिडीच्या खालच्या पायऱ्यांबद्दल बोललों. आतां वर चढूं.

ही शिडी सुताराच्या शिडीसारखी नाहीं. तिच्या पायऱ्या वर जावें तसतशा एकमेकींच्या जवळ येतात. स्वित्झर्लंडांतील शाळाशिक्षक योहान बाल्मर यांनीं १८८५ सालीं हायड्रोजनच्या प्रकाशांतील रेषांचें साधें गणित मांडलें; तीन वर्षांनीं स्वीडनचे योहानेस रिडबर्ग यांनीं तें इतर मूलद्रव्यांनाही लागू पडेल असें व्यापक केलें; आणि १९१३ सालीं डेन्मार्कचे नील्स बोर यांनीं त्यामागील शिडी दाखविली. नियम असा कीं, पायरीच्या क्रमांकाचा वर्ग करून १३.६ ला त्यानें भागावें. येणारी संख्या म्हणजे त्या पायरीवरील इलेक्ट्रॉनाला अणूशीं बांधून ठेवणारी ऊर्जा. पहिल्या पायरीवर ती १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दहाव्या पायरीवर ०.१३६, आणि शंभराव्या पायरीवर केवळ ०.००१३६.

ऊर्जा अशी घटते, पण अणूचा आकार त्याच वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. शंभराव्या पायरीवरचा हायड्रोजन-अणु पहिल्या पायरीवरील अणूच्या दहा हजार पट रुंद असतो. साधा अणु दीड सेंटीमीटरची गोटी मानला, तर हा अणु दीडशें मीटर रुंद होईल. फुटबॉलच्या मैदानाची लांबीही त्याला पुरणार नाहीं. प्रत्यक्षांत त्याची रुंदी एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे एखाद्या सूक्ष्म जंतूएवढी भरते. अशा महाकाय अणूंना रिडबर्ग यांच्या स्मरणार्थ ‘रिडबर्ग अणु’ म्हणतात.

असा अणु दिसण्यांत अवाढव्य, पण प्रकृतीनें अत्यंत नाजूक. वर सांगितलें कीं, साध्या अणूच्या धांवण्यांत सरासरी ०.०४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. खालच्या पायरीवरील अणूच्या दृष्टीनें ही क्षुद्र. परंतु शंभराव्या पायरीवरील अणूला समूळ फोडण्यास जेवढी लागते, तिच्या तीसपट ती आहे! आणि शंभराव्या पायरीवरून एकशेंएकाव्या पायरीवर जाण्यास तर तिचा हजारावा भागही लागत नाहीं. मग कोणालाही वाटेल कीं, अशा अणूची साध्या अणूशीं गांठ पडली कीं त्याचा चुराडा झालाच पाहिजे. आणि आकार जितका मोठा तितका चुराडा लवकर.

विचार सरळ आहे. पण तो चुकीचा आहे, आणि कां चुकीचा हें समजणें हाच या लेखाचा मुख्य हेतु आहे.

१९३४ सालीं रोम येथें एदोआर्दो आमाल्दी व एमिलिओ सेग्रे या तरुण शास्त्रज्ञांनीं एक प्रयोग केला. सोडियमसारख्या धातूंच्या वाफेंत त्यांनीं दुसरा वायु मोठ्या दाबानें भरला आणि वरच्या पायऱ्यांच्या वर्णरेषा पाहिल्या. वातावरणाइतक्या दाबाखालीं तिसाव्या पायरीवरील एका अणूच्या पोटांत परक्या वायूचे दहा हजारांहून अधिक अणु मावतात. इतकी गर्दी पोटांत शिरल्यावर त्या अणूची ओळख पुसली जावी, त्याच्या रेषा नाहींशा व्हाव्या, अशी अपेक्षा होती. पण रेषा नाहींशा झाल्या नाहींत. केवळ जागेवरून किंचित् सरकल्या. त्यांतही नवल असें कीं, आर्गॉन भरला तर तांबड्या रंगाकडे, आणि हेलियम भरला तर जांभळ्या रंगाकडे!

त्यांचे गुरु एन्रिको फेर्मी यांनीं त्याच वर्षीं हें कोडें सोडविलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : महाकाय अणु म्हणजे भरीव गोळा नव्हे. एखाद्या लग्नाच्या भव्य मांडवाची कल्पना करा. मांडवाच्या मधोमध एक आसन आहे, तो केंद्रक. आणि साऱ्या मांडवांत फिरणारा एकच यजमान आहे, तो इलेक्ट्रॉन. या मांडवांत पाहुणे शिरले, इकडून तिकडे गेले, तरी मांडवाला धक्का लागत नाहीं. ते कापडावर आपटतच नाहींत. जें कांहीं घडतें, तें पाहुणा व यजमान यांची गांठ पडेल तेव्हां, किंवा पाहुणा आसनाजवळ जाईल तेव्हां. केंद्रकापासून इतक्या दूर असलेला इलेक्ट्रॉन अत्यंत मंद व जवळजवळ मोकळा असतो. म्हणून महाकाय अणूची टक्कर म्हणजे खरोखर मंद इलेक्ट्रॉन व साधा अणु यांची टक्कर होय. कोणता वायु अशा मंद इलेक्ट्रॉनाला आपल्याकडे ओढल्यासारखा वागतो आणि कोणता दूर सारल्यासारखा, त्यावर रेषा कोणत्या रंगाकडे सरकेल हें ठरतें. फेर्मींची ही रीत पुढें न्यूट्रॉनांच्या अभ्यासांतही फार उपयोगीं पडली.

आतां चूक कोठें होती, हें उघड होईल. मांडव जितका मोठा, तितका यजमान विरळ भेटणार. म्हणून पायरी वाढेल तसा आघाताचा संभव कांहीं मर्यादेपर्यंत वाढतो. त्यापुढें इलेक्ट्रॉन इतक्या मोठ्या जागेंत पसरलेला असतो कीं, साधा अणु त्या महाकायाच्या पोटांतून आरपार निघून जातो आणि दोघांनाही कांहीं होत नाहीं. आकार मोठा म्हणून धक्का मोठा, हा न्याय येथें चालत नाहीं.

गांठ पडलीच, तर काय काय घडतें? शास्त्रज्ञांनीं याचे अनेक प्रकार मोजले आहेत. त्यांतील प्रमुख तेवढे सांगतों.

पहिला प्रकार सर्वांत सौम्य. इलेक्ट्रॉन त्याच पायरीवर राहतो, पण त्याच्या वाटेचा आकार बदलतो. लांबट वाट गोलसर होते. यांत ऊर्जेची देवघेव जवळजवळ होत नाहीं, म्हणून हा प्रकार फार सुलभ आहे. १९७५ सालीं अमेरिकेंत गॅलाघर, एडेलस्टाइन व हिल यांनीं लेसर-किरणांनीं सोडियमचे अणु वरच्या पायऱ्यांवर चढवून त्यांत आर्गॉनसारखे निष्क्रिय वायु मिसळले. तेव्हां असें दिसलें कीं, टकरींमुळें उत्तेजित अणूंचें आयुष्य कमी न होतां उलट वाढलें! कारण असें : लांबट वाटेनें फिरणारा इलेक्ट्रॉन वारंवार केंद्रकाजवळ येतो, आणि तेथेंच त्याला उजेड टाकून खालीं उतरण्याची संधि मिळते. धक्क्यानें वाट गोलसर झाली कीं, तो केंद्रकापासून दूर दूर राहतो व पुष्कळ वेळ उतरत नाहीं. धक्का बसल्यानें आयुष्य वाढावें, हें सृष्टीचें कौतुकच म्हटलें पाहिजे.

दुसऱ्या प्रकारांत इलेक्ट्रॉन एक-दोन पायऱ्या वर चढतो किंवा खालीं उतरतो. वर चढला, तर साध्या अणूची गति तितकी घटते. खालीं उतरला, तर ती ऊर्जा साध्या अणूला मिळून तो अधिक वेगानें निघून जातो. तिसऱ्या प्रकारांत इलेक्ट्रॉन अजिबात सुटून जातो आणि मागें धनविद्युत् असलेला अणु, म्हणजे आयन, उरतो. चौथा प्रकार विशेष लक्ष्यांत ठेवण्यासारखा आहे : टक्कर देणारा साधा अणु व महाकायाचा गाभा हे दोघे एकमेकांस चिकटून एक आयन-रेणु बनतो. जोडी जमतांना जी ऊर्जा मोकळी होते, तीच नाजूकपणें बांधलेल्या इलेक्ट्रॉनाला बाहेर लोटण्यास पुरते. त्यासाठीं टक्कर जोरदार असावी लागत नाहीं.

दोन्ही अणु एकाच जातीचे असतील, उदाहरणार्थ दोन्ही हायड्रोजनचे, तर आणखी एक सूक्ष्म मार्ग उघडतो. स्मिर्नोव्ह व मिहाय्लोव्ह या दोघांनीं १९७१ सालीं तो पुढें मांडला, आणि बेलग्रेडच्या शास्त्रज्ञांनीं पुढें त्याचा मोठा अभ्यास केला. महाकाय हायड्रोजनचा गाभा म्हणजे उघडा प्रोटॉन. त्याच्याजवळ साधा हायड्रोजन-अणु आला कीं, त्या साध्या अणूचा इलेक्ट्रॉन कोणत्या प्रोटॉनचा, हा प्रश्न उत्पन्न होतो; कारण दोन्ही प्रोटॉन अगदीं सारखे. तो इलेक्ट्रॉन दोघांमध्यें झोंके घेऊं लागतो. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला योग्य तालावर हलकेच ढकललें, तरी झोपाळा उंच जातो. ताल चुकला, तर जोरानें ढकलूनही उपयोग होत नाहीं. तसेंच येथें. आंतील झोंक्यांचा ताल बाहेरच्या दूरस्थ इलेक्ट्रॉनाच्या पायऱ्यांमधील अंतराशीं जुळला, तर ऊर्जा सहज आंतून बाहेर जाते. बाहेरचा इलेक्ट्रॉन वर चढतो किंवा सुटून जातो. म्हणजे येथेंही निर्णय केवळ धक्क्याच्या जोरावर नसून तालावर अवलंबून असतो.

‘हे महाकाय अणु असतात तरी कोठें?’ असें तुम्ही विचाराल. प्रयोगशाळेंत ते लेसरच्या साह्यानें घडवितां येतात. परंतु त्यांचें स्वाभाविक माहेर म्हणजे आकाश. जेथें वायु इतका विरळ असतो कीं, एका अणूला दुसरा क्वचितच भेटतो, तेथें असा नाजूक अणु सुखानें नांदूं शकतो. रशियांतील निकोलाय कार्दाशेव्ह यांनीं १९५९ सालीं भाकीत केलें कीं, आकाशांतील हायड्रोजनचे असे अणु पायरी उतरतांना रेडिओ-लहरी सोडीत असले पाहिजेत. आणि १९६४ सालीं त्या लहरी सोव्हिएत शास्त्रज्ञांना सांपडल्या.

अशा लहरी टिपणारें एक जगविख्यात साधन आपल्याच महाराष्ट्रांत आहे. पुणें जिल्ह्यांत, जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही प्रचंड रेडिओ-दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारें २५ किलोमीटरच्या टापूंत पसरलेल्या असून त्या सर्व मिळून एका दुर्बिणीचें काम करतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या नेतृत्वाखालीं ती उभारली गेली. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन १७३ व्या पायरीवरून १७२ व्या पायरीवर उतरला कीं, सुमारें २३ सेंटीमीटर लांबीची लहर निघते. ती या दुर्बिणीला ऐकूं येणाऱ्या पट्ट्यांत बसते.

प्रा. स्वरूप यांच्याच पुढाकारानें उटी येथें १९७० सालीं पुरी झालेली रेडिओ-दुर्बीण याहूनही मोठ्या अणूंचा आवाज ऐकते. के. आर. अनंतरामय्या यांनीं तिच्या साह्यानें आपल्या आकाशगंगेंतील २७२ व्या पायरीच्या हायड्रोजनचा अभ्यास केला. तो एक अणु आपल्या रक्तांतील तांबड्या पेशीएवढा रुंद असतो! बंगळूरजवळील गौरीबिदनूरच्या दुर्बिणीनें ५७५ व्या पायरीवरील कार्बनच्या अणूंचा वेध घेतला. त्यांची रुंदी केसाच्या जाडीच्या जवळजवळ निम्मी भरते. युक्रेनमधील खारकोव्हजवळच्या दुर्बिणीनें तर सुमारें हजाराव्या पायरीपर्यंत मजल मारली आहे.

या लहरींचा उपयोग काय? तारे जेथें जन्मास येतात, त्या वायुमेघांचें उष्णमान किती, दाटी किती, हें या रेषांच्या रुंदीवरून व तीव्रतेवरून काढतात. टकरी अधिक असल्या कीं रेषा पसरट होतात. तप्त मेघांत आघात करणारे मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन असतात. परंतु सूर्यासारख्या ताऱ्याच्या दृश्य पृष्ठभागावर एका मोकळ्या इलेक्ट्रॉनामागें सुमारें दहा हजार साधे हायड्रोजन-अणु असतात. तेथें साध्या अणूंच्या टकरींकडे दुर्लक्ष करून चालत नाहीं.

आणि येथेंच एक बोधप्रद गोष्ट घडली. ताऱ्यांत लिथियम, सोडियम, मॅग्नेशियम इत्यादि द्रव्यें किती आहेत, हें ठरवितांना साध्या हायड्रोजनचे धक्के हिशेबांत घ्यावे लागतात. त्यांचें खरें माप उपलब्ध नव्हतें. म्हणून ड्रॉविन यांनीं १९६८-६९ च्या सुमारास मांडलेलें एक सोपें सूत्र पुढें सर्वत्र वापरण्यांत येऊं लागलें. तें मुळांत इलेक्ट्रॉनांच्या टकरींसाठीं असलेल्या जुन्या विचारावरून बेतलेलें होतें. पुढें बेल्यायेव्ह, बार्कलेम आदि शास्त्रज्ञांनीं लिथियम, सोडियम व मॅग्नेशियम यांचें बारकाईचें गणित केलें, तेव्हां असें आढळलें कीं, तें सूत्र कित्येक ठिकाणीं शेंकडों-हजारों पटींनीं चुकतें. इतकेंच नव्हे, तर टकरींत उत्तेजित अणु आपला इलेक्ट्रॉन हायड्रोजनला देऊन टाकतो, हा एक महत्त्वाचा प्रकार त्या सूत्राच्या गांवींही नव्हता. अति प्राचीन ताऱ्यांतील लिथियमवरून विश्वाच्या आरंभींची स्थिति पडताळून पाहतात. तेव्हां दोन अणूंच्या क्षणैक भेटीविषयींची चूक विश्वाच्या इतिहासापर्यंत पोंचूं शकते. सोपें सूत्र सोयीचें असतें. परंतु सोय म्हणजे सत्य नव्हे. हिशेब पुनः पुनः तपासून पाहण्यास ज्यांनीं कंटाळा केला नाहीं, त्यांच्यामुळेंच ही चूक उघडकीस आली.

शेवटीं आपल्या गांवाची एक आठवण सांगतों. १९१० सालीं अर्थखात्यांतील एक तरुण अधिकारी बदलून नागपुरास आला आणि वर्षभराच्या आंतच कलकत्त्यास गेला. त्याचें नांव चंद्रशेखर व्यंकट रामन्. पुढें २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं त्यानें जो शोध लावला, तो अस्थितिस्थापक आघाताचाच होता : प्रकाशाचा कण रेणूवर आदळून आपल्या ऊर्जेचा कांहीं भाग त्याला देतो, किंवा त्याच्याकडून घेतो, आणि रंग पालटून बाहेर पडतो. या शोधाबद्दल त्यांना १९३० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या गांवच्या रस्त्यांवरून तुम्ही शाळेंत येतां, त्याच गांवीं तेही कांहीं काळ राहून गेले होते.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर पुरें झालें असें मी समजतों. नळींत पेटत कांहींच नाहीं. तेथें इलेक्ट्रॉन अणूंवर आदळतात, अणु पायऱ्या चढतात व उतरतात, कोणी मध्येंच अडकतो, आणि एखादा साधा अणु त्याच्याजवळून जातांना त्याचें ओझें आपल्या शिरावर घेतो. विजेच्या तारांशीं व टेस्टरशीं मुलांनीं स्वतः खेळूं नये. तें जाणत्या माणसाचें काम आहे. पण पाहण्यास व विचारण्यास कोणाची बंदी नाहीं. पालकांसही एवढीच विनंति कीं, बाजारांत खरेदीच्या घाईंत असतांना मुलानें असा एखादा प्रश्न विचारला, तर ‘उगाच बडबड करूं नकोस’ असें म्हणून त्याला गप्प बसवूं नये. उत्तर येत नसेल, तर ‘चल, शोधूं या’ एवढें म्हटलें तरी पुष्कळ आहे. मीं स्वतः त्या दिवशीं घंटेचें निमित्त करून जी चूक केली, तीच तुम्हांस सांगत आहें.